ड्रोन गटाचा, पण उडवणार कोण?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी निवडलेली सर्व पत्रे फवारणीच्या ड्रोनसंबंधी आहेत. पत्रलेखकांची नावे व गावे दिलेली नाहीत आणि पत्रांचा मजकूर थोडक्यात दिला आहे. ड्रोनचे क्षेत्र आपल्या देशात अगदी नवे आहे. त्यात खेड्यातल्या बायकांना आणि पदविका घेऊन घरी बसलेल्या मुलांना जागा मिळावी म्हणून सरकारने नियम बदलले, अनुदान दिले आणि प्रशिक्षण सुरू केले. ती जागा त्यांच्यापर्यंत कितपत पोहोचली, हे या पत्रांतून दिसते.

प्रश्न : ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतून ड्रोन घ्यावा असे आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत बोलणे सुरू आहे. परंतु ड्रोन उडवण्याच्या परवान्याला पासपोर्ट लागतो असे कोणी सांगते, आणि आमच्यात एकीजवळही पासपोर्ट नाही. शिवाय दहा लाखांचे यंत्र घेऊन गट कर्जात जाईल अशी भीती बऱ्याच जणींना वाटते. आम्ही काय करावे?
— बचत गटाच्या अध्यक्ष, राळेगाव तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, पासपोर्टची काळजी सोडा. ती अट पूर्वी होती, परंतु २७ सप्टेंबर २०२३ रोजी ड्रोन नियमांत दुरुस्ती झाली आणि पासपोर्ट नसलेल्यांना मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका किंवा वाहन चालवण्याचा परवाना यांसारख्या सरकारी पुराव्यांवर प्रमाणपत्र मिळू लागले. शेतीच्या कामासाठी ड्रोन शिकू पाहणारी खेड्यातली माणसे पासपोर्टपाशीच अडतात, हेच या दुरुस्तीचे कारण होते. माझ्या मते या क्षेत्रात सर्वसामान्यांना आणण्यासाठी जे जे केले गेले, त्यात मोठ्या रकमांच्या घोषणांपेक्षा या एका लहान दुरुस्तीचे मोल अधिक आहे, कारण विदर्भातल्या गावात पासपोर्ट असलेली बाई शोधूनही सापडणे कठीण.

मुळात २५ ऑगस्ट २०२१ रोजी नवे ड्रोन नियम आले, तेव्हापासूनच दार किलकिले झाले होते. त्याआधी भरावे लागणारे २५ अर्ज ५ वर आले, शुल्कांचे ७२ प्रकार ४ वर आले आणि चालकाच्या परवान्याचे शुल्क सर्व वर्गांसाठी १०० रुपये झाले. हे प्रमाणपत्र १० वर्षे चालते. त्यासाठी वय १८ ते ६५ च्या दरम्यान असावे, दहावी उत्तीर्ण असावे आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेतलेले असावे, एवढ्याच मुख्य अटी आहेत.

आता पैशांचे पाहू. या योजनेला नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,२६१ कोटी रुपयांची तरतूद करून मंजुरी दिली आणि देशभरातील १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे ठरवले. ड्रोन आणि त्याच्या साहित्याच्या किमतीच्या ८० टक्के, परंतु जास्तीत जास्त ८ लाख रुपये, केंद्र सरकार देते. उरलेली रक्कम गटाला किंवा अनेक गटांच्या प्रभाग संघाला कृषी पायाभूत सुविधा निधीतून कर्जाऊ घेता येते आणि त्या कर्जाच्या व्याजात ३ टक्के सवलत मिळते. मात्र योजनेचा मंजूर कालावधी २०२३-२४ ते २०२५-२६ असा होता, म्हणून आणखी काही ठरवण्याआधी बचत गटांचे काम पाहणाऱ्या राज्याच्या उमेद अभियानाच्या तालुका कक्षात जाऊन सध्या नवे प्रस्ताव घेत आहेत का, एवढे विचारून घ्या.

कर्जाच्या भीतीचे उत्तर मात्र अनुदानात सापडणार नाही. ते वर्षाकाठी कामाचे किती दिवस मिळतात यात आहे. मी एक नमुन्याचा हिशेब मांडतो, त्यात तुमच्या गावचे आकडे घालून पाहा. समजा एकरी ४०० रुपये दर ठेवला आणि दिवसाला १५ एकर फवारणी झाली, तर दिवसाचे ६,००० रुपये जमा होतात. त्यातून चालक ताईंचा मेहनताना, सहायकाची मजुरी, गाडीभाडे, चार्जिंग आणि बॅटरीच्या झिजेसाठी बाजूला काढायची रक्कम मिळून ३,००० रुपये वजा केले, तर ३,००० उरतात. असे ४० दिवस मिळाले तर गटाकडे १,२०,००० रुपये राहतील. दिवस २० वर आले तर ६०,०००च राहतील, आणि कर्जाचा हप्ता व दुरुस्ती यांतच ते संपतील.

आपल्याकडे हे दिवस जमवणे वाटते तितके सोपे नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाची उघडीप मिळाली की सगळ्या गावाला एकाच दोन दिवसांत फवारणी हवी असते, आणि नंतर आठ आठ दिवस वाऱ्यापावसामुळे यंत्र घरात पडून राहते. एक गोष्ट मात्र ड्रोनच्या बाजूची आहे : पावसानंतर काळ्या जमिनीत पाठीवर पंप घेतलेला माणूस पोटरीपर्यंत रुततो आणि कास्तकाराला वापसा येईपर्यंत, म्हणजे जमीन पाय ठेवण्याजोगी सुकेपर्यंत, थांबावे लागते, तर ड्रोन धुऱ्यावरून (बांधावरून) उडवता येतो. ज्या शेतकऱ्याने हे एकदा पाहिले तो दरासाठी फार घासाघीस करत नाही. म्हणून एकाच पिकावर विसंबू नका. सोयाबीन, पऱ्हाटी (कपाशी), त्यानंतर तूर आणि थंडीत हरभरा अशी पिकांची साखळी धरली तर जुलैपासून जानेवारीपर्यंत काम पुरते. ड्रोन मागण्यापूर्वीच आसपासच्या पाच-सात गावांत फिरून कोणाचे किती एकर, कोणते पीक आणि कोणत्या पंधरवड्यात फवारणी, अशी वही तयार करा. शक्य असेल तर शेतकरी उत्पादक कंपनीशी लेखी बोलणे करा. अशी वही भरत नसेल तर ८० टक्के अनुदान असूनही ड्रोन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : पंधरा दिवसांचे प्रशिक्षण घेऊन मी प्रमाणपत्र मिळवले. ड्रोन गटाचा आहे. परंतु घरी आल्यापासून तो माझा पुतण्या उडवतो, शेतकऱ्यांचे फोन त्यालाच येतात आणि पैसेही तोच घेतो. मी घागरीने पाणी आणून देते आणि औषध कालवते. सासरचे म्हणतात, तुला यंत्रातले काय समजते. मला भांडण नको आहे, पण हे बरोबर आहे का?
— एक ड्रोन दीदी, जि. वर्धा

उत्तर : बरोबर नाही, ताई. आणि हे केवळ तुमच्या घरापुरते नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी कायद्याची बाजू. फवारणीचा ड्रोन २५ किलोपर्यंतच्या ‘लहान’ वर्गात मोडतो आणि तो उडवणाऱ्याच्या स्वतःच्या नावे प्रमाणपत्र असणे बंधनकारक आहे. तुमचे प्रमाणपत्र पुतण्याला चालत नाही. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून मोठा धोका विम्याचा आहे. ड्रोन कोणाच्या अंगावर, बैलावर किंवा विजेच्या तारांवर पडला आणि उडवणारा प्रमाणपत्रधारक नव्हता असे निघाले, तर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळेल आणि भरपाई गटाच्या दारात येईल. हा मुद्दा घरात शांतपणे सांगा. ‘माझा हक्क’ या शब्दांनी जिथे वाद वाढतो, तिथे ‘गटावर दंड येईल’ हे वाक्य ऐकून घेतले जाते, असा अनुभव आहे.

पुतण्याला दूर करण्याची गरज नाही. योजनेत एका चालकाबरोबर एक ड्रोन सहायकही धरलेला आहे, त्याचे वेगळे पाच दिवसांचे प्रशिक्षण असते आणि ते गटातील सदस्याला किंवा कुटुंबातील व्यक्तीला घेता येते. यंत्राची आवड असलेला मुलगा घरात असणे ही जमेची बाजू आहे. त्याने बॅटऱ्या सांभाळाव्यात, नोझल व गाळणी साफ करावी, पंख तपासावेत, वाहतूक करावी. रिमोट तुमच्या हातात राहावा. तुमची सवय मोडली असेल तर पहिले काही दिवस टाकीत नुसते पाणी भरून, मोकळ्या पडीक वावरात सकाळी उडवा. पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणात उड्डाणाचे दिवस पाचच असतात, उरलेले दहा खते-औषधांच्या फवारणीला जातात. एवढ्यावर हात बसत नाही आणि आत्मविश्वासही येत नाही. सराव तुटला की यंत्र दुसऱ्याच्या हाती जाते.

पैशांसाठी दोन साधे उपाय करा. गटाच्या बँक खात्याचा क्यूआर कोड छापून ड्रोनच्या पेटीवर चिकटवा आणि पैसे तिथेच जमा होतील असे शेतकऱ्यांना सांगा. दुसरे म्हणजे कामाची नोंदवही ठेवा : तारीख, शेतकरी, वावराचा गट क्रमांक, एकर, औषध, उडवणाऱ्याची सही. ही वही दर महिन्याला ग्रामसंघाच्या बैठकीत वाचली जाऊ द्या. उडवणाऱ्याच्या सहीचा रकाना मुद्दाम सुचवला आहे. तो भरताना कोण उडवते हा प्रश्न तुम्हाला एकटीला विचारावा लागत नाही, तो बैठकीत आपोआप विचारला जातो.

या निमित्ताने योजना राबवणाऱ्यांनाही सांगावेसे वाटते. किती ड्रोन वाटले याची संख्या वर पाठवली जाते, परंतु प्रमाणपत्र ज्या बाईचे तिने हंगामात किती एकर स्वतः उडवले, हे विचारले जायला हवे. बाईच्या नावाने यंत्र आले आणि बाई पुन्हा पाणी वाहण्यावर गेली, तर नव्या क्षेत्रात तिला स्थान मिळाले असे म्हणता येणार नाही. ही माहिती गोळा करणे कठीणही नाही, कारण बहुतेक फवारणी ड्रोनच्या प्रणालीत प्रत्येक उड्डाणाची नोंद राहते.

प्रश्न : मी पाठीवरच्या पंपाने फवारणीची मजुरी करतो. २०१७ च्या हंगामात मला विषबाधा झाली होती, देवाच्या कृपेने वाचलो. आता गावात ड्रोन आला. जिवाचा धोका टळेल हे चांगले, पण आमच्या पोटाचे काय?
— शेतमजूर, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रातील दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्यातली एक सांगून दुसरी झाकणे योग्य होणार नाही.

२०१७ मध्ये एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले आणि शेकडो लोक दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, उकाडा होता, दोन-तीन औषधे एकत्र कालवली जात होती, आणि उंच झाडांवर मारलेला फवारा मजुराच्या तोंडावर, छातीवर परत येत होता. फवारणारा माणूस पिकाच्या बाहेर उभा राहिला तर हा मार्ग बंद होतो. ड्रोनच्या बाजूने याहून मोठे कारण मला दिसत नाही. एकरी खर्च वाचतो, वेळ वाचतो, हे सगळे त्यानंतर येते.

परंतु ड्रोन आला म्हणजे विष गेले, असेही समजू नये. पाठीवरच्या पंपाला एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागते, ड्रोनला साधारण दहा लिटर. औषधाची एकरी मात्रा जवळजवळ तीच राहते, म्हणजे टाकीतले द्रावण कितीतरी पट तीव्र असते. ते कालवताना हातावर सांडले किंवा डोळ्यात उडाले तर इजा अधिक. कालवण्याचे काम कोणाकडे येते, हे वरच्या पत्रात आपण वाचलेच. तेव्हा रबरी हातमोजे, चष्मा, मुखपट्टी आणि अंगभर कपडे यांतून ड्रोनच्या चमूला सुटका नाही. केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोन फवारणीची जी कार्यपद्धती जाहीर केली, तीत या खबरदाऱ्या दिलेल्या आहेत. वारा वाढल्यावर फवारणी थांबवणे आणि शेजारच्या वावरात, विहिरीत, जनावरांच्या चाऱ्यावर तुषार जाऊ न देणे हेही पाळले पाहिजे.

पोटाचे म्हणाल तर पंपाच्या हिशेबाने मिळणारे मजुरीचे दिवस कमी होतील. काही काम राहील, कारण धुऱ्यावर दाट झाडे असलेले, तारा गेलेले किंवा अगदी लहान तुकड्यांचे वावर ड्रोनला गैरसोयीचे पडते. पण तेवढ्यावर घर चालणार नाही. म्हणून ड्रोन घेणाऱ्या प्रत्येक गटाने गावातील फवारणी करणाऱ्या मजुरांपैकी एकाला तरी सोबत घ्यावे, असा माझा आग्रह आहे. कोणत्या वावरात विहीर कुठे आहे, तार कुठून जाते, कोणत्या कास्तकाराचे पीक किती वाढले आहे आणि कोणते औषध कशात मिसळले की फाटते, हे ज्ञान तुमच्याकडे आहे. पंधरा दिवसांच्या वर्गात ते शिकवून होत नाही. तुम्ही स्वतः गटाकडे जाऊन हे बोला. अनुदानाच्या कागदात मजुराचे नाव नाही ही मला त्या कागदाची सर्वांत मोठी उणीव वाटते.

प्रश्न : माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले आहे, वय ३४. ट्रॅक्टर चालवते, मोबाइलवर सर्व व्यवहार करते. ड्रोन उडवायचा आहे, पण दहावीची अट आहे असे सांगून मला परत पाठवले. काही मार्ग आहे का?
— महिला शेतकरी, चिमूर तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : चालकाच्या प्रमाणपत्रासाठी दहावीची अट आहे आणि तिला सूट नाही. ट्रॅक्टर चालवणाऱ्या बाईला ड्रोन जमणार नाही असे मला मुळीच वाटत नाही. तरीही नियम आहे तोपर्यंत त्यातूनच वाट काढावी लागेल. राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या दहावीला बसता येते आणि मुक्त विद्यालयाचाही पर्याय आहे. जवळच्या माध्यमिक शाळेत मुख्याध्यापकांना भेटा, अर्जाच्या तारखा ते सांगतील. अभ्यास सुरू असताना गटाच्या ड्रोनवर सहायक म्हणून काम करा. दहावी झाल्यावर तुम्हाला यंत्र आधीच ओळखीचे असेल. आपल्या जिल्ह्यात अशा आणखी बायका असतील, त्यांची यादी करून उमेदच्या कक्षाकडे दिलीत तर दहावीचा एकत्र वर्ग मागता येईल, आणि तशी मागणी लेखी करावी असे मी सुचवेन.

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली आहे. फवारणीत मला रस नाही, ड्रोन बनवण्यात किंवा दुरुस्तीत काम करायचे आहे. पुण्या-बेंगळुरूला न जाता हे शक्य आहे का?
— एक तरुण, अचलपूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : बनवण्याचे काम सध्या मोठ्या शहरांभोवती आहे, दुरुस्तीचे मात्र तुमच्या जिल्ह्यातच पडून आहे.

सरकारने ९ फेब्रुवारी २०२२ रोजी तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांना सूट ठेवली आणि सुटे भाग आणण्याची मुभा दिली. त्याआधी सप्टेंबर २०२१ मध्ये ड्रोन व त्यांच्या भागांच्या उत्पादनासाठी तीन वर्षांची १२० कोटींची प्रोत्साहन योजना आणली होती, तीत देशात केलेल्या मूल्यवर्धनाच्या २० टक्के प्रोत्साहन होते. यामुळे देशात ड्रोन जुळवणाऱ्या कंपन्या वाढल्या. परंतु ऑगस्टच्या ऐन हंगामात एखाद्या गटाच्या ड्रोनची मोटर जळाली किंवा पंखाचा दांडा मोडला, तर यंत्र कुठे पाठवायचे आणि ते किती दिवसांनी परत येणार, हा प्रश्न राहतो. दहा दिवस ड्रोन बंद राहिला तर वरच्या हिशेबातले चाळीसपैकी दहा दिवस गेले. हंगामात दोन दिवसांत यंत्र चालू करून देणारा माणूस अचलपूर, दर्यापूर किंवा दारव्ह्याला असेल तर त्याला काम कमी पडणार नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये सहा महिन्यांचा ड्रोन तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम आहे. जवळच्या कोणत्या संस्थेत तो चालतो ते पाहून घ्या. नंतर एखाद्या उत्पादकाकडून अधिकृत सेवा केंद्र मिळवण्याचा प्रयत्न करा, कारण प्रत्येक ड्रोनला प्रकार प्रमाणपत्र, म्हणजे त्या नमुन्याची सरकारी मान्यता, असते आणि वाटेल तो भाग बसवल्यास ते यंत्र प्रमाणपत्राप्रमाणे राहत नाही. घरात कोणी कृषी पदवीधर असेल तर त्याच्या नावे अवजार भाडे केंद्र काढून ड्रोन घेण्यास कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत ५० टक्के, कमाल ५ लाख रुपये, साहाय्य ठरवलेले आहे. इतर ग्रामीण उद्योजकांना ते ४० टक्के, कमाल ४ लाख आहे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र येथे चौकशी करावी.

प्रश्न : आमचे गाव पुलगावच्या दारूगोळा भांडारापासून फार दूर नाही. इथे ड्रोन फवारणीला परवानगी काढावी लागेल का?
— शेतकरी, देवळी तालुका, जि. वर्धा

उत्तर : तुमच्या गट क्रमांकाची जागा नकाशावर कोणत्या रंगात आहे यावर ते ठरेल. केंद्र सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ नकाशात देशाचे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल विभागांत वाटले आहे. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही, आणि फवारणीचा ड्रोन पिकाच्या वर दोन-तीन मीटरच उडत असल्याने उंचीचा प्रश्न येत नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची आणि लालमध्ये केंद्र सरकारची परवानगी लागते, मग उंची कितीही असो. भांडाराजवळची गावे, भद्रावती व भंडाऱ्याच्या आयुध निर्माणींचा परिसर आणि नागपूर विमानतळाभोवतीचा पट्टा येथील शेतकऱ्यांनी ड्रोन बोलावण्याआधी चालकाला नकाशा उघडून आपले वावर दाखवायला सांगावे. नकाशा वेळोवेळी बदलतो, म्हणून मागच्या हंगामात उडवला होता यावर विसंबू नये. प्रत्येक फवारणीच्या दिवशी पाहावा.